दोन कळ्या वाढवल्या

आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई दर महिन्याला गरोदर बायकांची बैठक घेतात. त्या मला म्हणाल्या, "सारिका, तू शिकलेली आहेस. तुझ्यावर जे गुदरलं ते लिहून दे, मी बैठकीत वाचून दाखवीन. बायकांना जरा धीर येईल." मी हो म्हणाले, कारण त्यांना सारखं नाही म्हणायचा मला कंटाळा आला होता. त्यांनी दिलेली वही महिनाभर कोरीच पडून होती.

आता लिहायला बसले आहे, तर आधीच सांगून टाकते. धीराचं माझ्याकडे काही नाही. ज्यांना तो हवा असेल त्यांनी खुशाल उठून घरी जावं. काय झालं ते ऐकायचं असेल त्यांनी बसावं.

*

माझं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. बाबांचं फुलांचं दुकान आहे, हारांचं आणि गजऱ्यांचं. बी.ए. होईपर्यंत मी कॉलेजातून आले की दुकानामागे बसून हार गुंफायचे. लग्न होऊन भातकुलीला आले तर इथेही फुलंच. आमच्याकडचं पाणी खारं, त्यात मोगरा जगवणं म्हणजे लेकरू वाढवण्याइतकंच जिकिरीचं, पण सासूबाईंनी अर्ध्या एकरात तो जगवून दाखवला आहे. माझा नवरा प्रमोद रोज सकाळी फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जातो.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात मला सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं. फुलवाल्यांच्या घरचं डोहाळजेवण म्हटलं की फुलांचे दागिने बाहेरून आणत नाहीत. चार दिवस आधी सासूबाईंनी दोऱ्याने माझ्या मनगटाचं माप घेतलं आणि दोऱ्याला गाठ मारून ठेवली. त्या गाठीवर मनगटातले गजरे गुंफले. कार्यक्रमाच्या दिवशी मला पाटावर बसवून गजरा बांधायला घेतला, तर दोन्ही टोकं एकमेकांना पोचेनात. बोटभर कमी पडत होतं.

सासूबाईंचं माप कधी चुकत नाही. तीस वर्षं त्या दोऱ्यावर काम करतात. पण तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"पाहा कशी अंगानं भरली पोरगी," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "आमच्या घरचं अन्न मानवलं तिले. टाका वं दोन कळ्या अजून."

बायका हसल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हातापायावर असं तेज आलं म्हणजे पोरगाच व्हते." मीही हसले. मला तर बरंच वाटलं, कारण लग्नात सगळे मला काडी म्हणायचे. कोणीतरी दुसऱ्या टोपलीतल्या दोन कळ्या आणून त्या गजऱ्यात वाढवल्या आणि गजरा बसला. तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. त्या दोन कळ्या बाकीच्यांपेक्षा मोठ्या आहेत, ओळखू येतात.

चार दिवसांत मनगट बोटभर वाढतं, ते काही अन्न मानवल्यामुळे नाही. हे मला नंतर एका सिस्टरने सांगितलं.

*

त्याच आठवड्यात गावच्या आशा सेविकेने, आमच्या आशाताईंनी, माझं बीपी मोजलं होतं. त्यांनी कार्डावर आकडा लिहिला, खाली एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, "आठ दिवसांनी परत ये." मी म्हटलं, मी तर माहेरी चालले. त्या म्हणाल्या, "मग तिकडे दाखवजो. कार्ड सोबत ठेवजो."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. आईच्या हातचं खायला मिळतं, दुपारी आडवं होता येतं. फक्त एवढंच होतं, की इथल्या आशाताईंना वाटतं तिकडे कोणीतरी पाहत असेल आणि तिकडच्यांना आपण आलोय हेच माहीत नसतं. मधल्या मध्ये बाई कोणाच्याच यादीत राहत नाही.

ओटी भरल्यावर सासूबाईंनी ओटीचा नारळ आणि ते कार्ड देवापुढे ठेवलं होतं. भक्तीने ठेवलं, बाळाचा पहिला कागद म्हणून. दुसऱ्या दिवशी निघायच्या गडबडीत साड्या घेतल्या, लाडवांचा डबा घेतला, नारळ घेतला. कार्ड देवापुढेच राहिलं. माझ्या ते तिसऱ्या दिवशी अकोल्याला लक्षात आलं. प्रमोदला फोन केला तर तो म्हणाला, "येतो तेव्हा घेऊन येतो." मीही म्हटलं, काही घाई नाही.

त्या कार्डावर आशाताईंनी काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं. बी.ए. झालेली बाई मी. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचल्याशिवाय मला राहवत नाही. ती एक ओळ तेवढी वाचली नाही.

*

अकोल्याचं वैशाखातलं ऊन मी वेगळं सांगायला नको. कूलर लावला तरी गरम हवाच यायची. गेल्यापासून चार-पाच दिवसांत डोकं दुखायला लागलं. साधं नाही, कपाळाच्या आत कोणी ठोकतंय असं. मग मळमळ सुरू झाली. छातीच्या खाली, उजव्या बरगडीजवळ कळ यायची. हार गुंफताना सुईत दोरा ओवायला घेतला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

आईने कपाळाला हात लावला आणि निदान करून मोकळी झाली.

"तुले ऊन लागलं माय. काहून बसून राहिली होती तू दुकानात दुपारची?"

आपल्या भागात उन्हाळ्यात डोकं दुखलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर दुसरं कोणी काय म्हणणार? शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आईने कैऱ्या उकडल्या. पन्हं केलं, त्यात मीठ जास्तच टाकलं, घामाने अंगातलं मीठ जातं म्हणून. तळपायाला कांदा चोळला. ओला टॉवेल डोक्यावर ठेवला. मी सकाळ-संध्याकाळ पेलाभर पन्हं पीत होते आणि बरं वाटतंय असं सांगत होते, कारण माझी आई जीव तोडून करत होती.

बाबा एकदा म्हणाले, "दवाखान्यात दाखवून आणू का?"

आई म्हणाली, "इतक्या उन्हात कुठी नेता तिले? अजून लागीन ऊन. चार रोज घरात राहू द्या, उतरते."

मलाही तिचं पटलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सगळ्यांनी आईला एकटीला जबाबदार धरलं.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी मला नंतर स्पष्ट सांगितलं की पन्ह्याने हे झालेलं नाही. गरोदरपणातला बीपीचा आजार आधीच अंगात होता, पन्हं नसतं प्यायले तरी वाढलाच असता. वाया गेले ते मधले दिवस. तेवढ्या दिवसांत एकदा जरी कोणी दंडाला पट्टा बांधून बीपी पाहिलं असतं, तर गोळ्या सुरू झाल्या असत्या आणि बाळाला पोटात अजून काही आठवडे मिळाले असते. डॉक्टरबाईंनी हे आईलाही समजावून सांगितलं. आईने मान डोलावली. पण त्या दिवसापासून तिने घरात कैरी आणलेली नाही.

*

अठराव्या दिवशी दुपारी मी दुकानामागे शेवंतीचा हार गुंफत होते. लग्नाचा होता. डोकं फुटत होतं आणि पिवळं फूल कोणतं, पांढरं कोणतं ते मला कळेना. आईला हाक मारायला तोंड उघडलं. पुढचं मला काही आठवत नाही.

आईने सांगितलं ते असं. मी बसल्या जागी कलंडले, डोळे वर गेले, दात बसले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं. शेजारच्या एका बाईने चप्पल हुंगवली. दुसरी म्हणाली, हे बाहेरचं दिसते. बाबांनी कोणाचं काही ऐकलं नाही. रस्त्यावरचा ऑटो थांबवून मला आडवं घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. त्या एका गोष्टीमुळे मी आज लिहिते आहे. वाटेत मला दुसरा झटका आला. आई म्हणते, तेव्हा तिने माझी आशा सोडली होती.

दवाखान्यात सिस्टरने माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिने आईला विचारलं, "ही सूज कधीपासून आहे?"

आई म्हणाली, "सूज कुठी आहे? अंगानं भरली ते."

हिरवा चुडा कापून काढावा लागला, हातातून निघत नव्हता. बीपीचा आकडा ऐकून आईला काही कळलं नाही. डॉक्टरबाईंचा चेहरा पाहून कळलं. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की बाळ आत्ताच काढावं लागेल, नाहीतर दोघंही जातील. काढलं तरी दोघं राहतील असं सांगू शकत नाही. सही करा. बाबांनी सही केली. ती सही त्यांची वाटत नाही, हे नंतर कागद पाहिला तेव्हा मला दिसलं.

"कार्ड कुठे आहे हिचं?" सगळेच विचारत होते. प्रमोद भातकुलीहून मोटरसायकलवर निघाला तो कार्ड खिशात घालूनच आला. नर्सने ते उघडलं आणि वाचलं. आशाताईंची ओळ होती, "बीपी वाढलेले. आठ दिवसांनी नक्की तपासणे. सूज असल्यास लगेच पाठवणे." नक्की या शब्दाखाली दोन रेघा होत्या. कार्डाच्या कोपऱ्याला कुंकू लागलेलं होतं.

*

शुद्धीवर आले तेव्हा मला दिसत नव्हतं. उजेड आहे इतकं कळायचं, पलीकडे सगळं राखाडी. मला वाटलं मी मेले आहे आणि मेल्यावर असंच असतं. मग प्रमोदच्या अंगाचा फुलांच्या पोत्याचा वास आला.

"पोरगी झाली," तो म्हणाला.

"जिवंत आहे?"

"हाव. काचेच्या पेटीत ठेवली."

"केवढी आहे?"

तो खाटेच्या कडेला बसला. मग म्हणाला, "किलोला वीस ग्रॅम कमी."

आम्ही दोघंही फुलं तोलणारी माणसं. किलोभर मोगरा म्हणजे केवढा, हे आमच्या हातांना ठाऊक आहे. मी पडल्या पडल्या दोन्ही हात ओंजळीसारखे धरले आणि त्यात किती मावेल ते बघत राहिले. दिसत काहीच नव्हतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, नजर येईल, पण किती येईल ते आत्ता सांगता येत नाही. तीन दिवस मी माझी मुलगी प्रमोदच्या तोंडून पाहिली. त्याला वर्णन करता येत नाही. बाजारात माल कसा आहे विचारलं तर "चांगला आहे" म्हणणारा माणूस तो. तरी रोज येऊन सांगायचा. आज तिने हात हलवला. आज तिच्या नाकातली नळी बदलली. केस आहेत, काळे आहेत. कान अजून चपटे आहेत, फुलाच्या पाकळीसारखे वळतात. मी विचारलं, कोणासारखी दिसते? तो म्हणाला, "तुह्यासारखी. चिडली की भुवई वर करते." मला माहीत आहे की तेवढ्याशा बाळाच्या भुवया दिसत नाहीत. पण मी ते मानलं.

तिसऱ्या दिवसापासून दूध काढायला शिकवलं. दर दोन तासांनी स्टीलची वाटी गरम पाण्याने धुवायची, वाटीवर पट्टी चिकटवून नाव लिहायचं, दूध पिळून आत पाठवायचं. पहिल्यांदा वाटीचा तळही झाकला नाही. मी रडायला लागले तर सिस्टर म्हणाली, "थेंब असला तरी आण बाई. तुझ्या पोरीचं पोट केवढं, बोराएवढं." मला दिसत नसल्यामुळे आई वाटी धरायची. त्या सगळ्या दिवसांत आईचं आणि माझं बोलणं एवढंच, "धर", "झालं", "पुस". तिच्या हाताला अजून कांद्याचा वास होता की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

बाहेर बाकावर आमची दोन्ही घरं बसलेली असायची, पण दोन वेगळ्या बाकांवर. सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमी धडधाकट पाठवली होती." बाबांनी मान खाली घातली. कार्ड तुमच्या देवापुढे होतं, असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. ते आजही म्हणत नाहीत.

*

चौथ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीवरून तिच्याकडे नेलं. उजव्या डोळ्याला बरंचसं दिसायला लागलं होतं. डाव्या डोळ्यात मध्यभागी एक काळा डाग राहिला होता, तो अजून आहे.

ती लाल होती. कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसावं. टोपी तिला मोठी होत होती. मी पेटीच्या भोकातून हात घातला आणि तिच्या तळपायाला करंगळी लावली. तिने पाय ओढून घेतला. तिथल्या मावशी म्हणाल्या, "पाहा, रागावली." त्या मावशींचं नाव मी विचारलं नाही, याचं वाईट वाटतं. त्या रोज माझ्यासाठी काहीतरी बातमी ठेवायच्या. आज शी केली. आज डोळा उघडला. त्या वॉर्डात दुसऱ्या कोणाला इतका वेळ नव्हता.

तिला नाव नव्हतं. आपल्याकडे बाराव्या दिवशी ठेवतात आणि सासूबाईंचा निरोप होता की घाईने नाव ठेवून नजर लावू नका. आत तिला "सारिकाचं बाळ" म्हणायचे. दाराशी येऊन ओरडायचे, "सारिकाच्या बाळाची आई कोण?" मी म्हणायचे, मीच. दुसरं कोण असणार.

सातव्या दिवशी तिला माझ्या छातीवर दिलं. उघड्या अंगावर, वरून चादर. वीस मिनिटं. तिच्या नळ्या माझ्या गळ्याशी आल्या होत्या. तिचं वजन मला जाणवलंच नाही, ऊब जाणवली. मी काही बोलले नाही, गाणं म्हटलं नाही. मला वाटलं, बोलायला पुढे खूप दिवस आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वजन पंधरा ग्रॅमने वाढलं." प्रमोदने बाहेर जाऊन दोन्ही बाकांवर पेढे वाटले. ते वाटायला नको होते, असं सासूबाई नंतर म्हणाल्या.

आठव्या दिवशी तिने दूध पचवलं नाही, पोट फुगलं. रक्तात जंतू शिरले, असं सांगितलं. नवव्या दिवशी सकाळी अकराची वाटी घेऊन मी दाराशी गेले, तर मावशींनी वाटी घेतली नाही. त्या म्हणाल्या, "जरा बस बाई इथे." वाटी माझ्या हातातच होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा काठोकाठ भरली होती.

*

एवढ्या लहान बाळाला पुरतात. प्रमोद आणि बाबा घेऊन गेले. मला जाऊ दिलं नाही, टाके ओले होते. कागदावर लिहिलं, सारिका यांचे स्त्री बालक.

दूध थांबेना. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दर दोन तासांनी छाती दगडासारखी व्हायची, ब्लाऊज भिजायचा. डिस्चार्ज घेऊन माहेरी आले त्या दिवशी कळा असह्य झाल्या. जुन्या बायका सांगतात की मोगऱ्याची फुलं छातीला बांधली की दूध आटतं. आईने ते बाबांना कसं सांगितलं, मला माहीत नाही. बाप-लेकीत अशा गोष्टी आमच्याकडे बोलत नाहीत. संध्याकाळी बाबा दुकानातून लवकर आले. खोलीच्या उंबऱ्यावर ओल्या फडक्यातली पुडी ठेवली आणि माझ्याकडे न बघता परत गेले. आत मोगरा होता, दुकानातला सगळ्यात चांगला, एकेक टपोरी कळी. आईने तो कुस्करून बांधला. खोलीभर वास सुटला, डोहाळजेवणाला सुटला होता तोच.

तीन-चार दिवसांत दूध आटलं. त्याने आटलं की आपलं आपण आटलं, मला माहीत नाही. मोगरा मी नंतर दोन वर्षं हातात धरला नाही. अर्धा एकर मोगऱ्याच्या घरात राहून.

माझं बीपी परत खाली आलं नाही. रोज गोळी आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलं, दुसऱ्या खेपेला पुन्हा असंच होण्याची भीती आहे, करायचंच असेल तर पहिल्या दिवसापासून मोठ्या दवाखान्यात दाखवा. प्रमोद म्हणाला, नको. तो चांगला माणूस आहे. पण ते म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि तेव्हापासून आम्ही त्या विषयावर एक शब्द बोललेलो नाही. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. आई भातकुलीला पाऊल टाकत नाही. सासूबाईंनी तिला बोलावलेलंही नाही.

लोक म्हणतात, काळ जाऊ दे. दोन वर्षं गेली. डोळ्यातला डाग जिथे होता तिथेच आहे.

*

आता शेवटचं.

माझ्या धाकट्या दिराची बायको कोमल. धारणीची पोरगी, हसरी, बडबडी. या चैत्रात तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी जाणं आलं. धारणीहून मोठ्या दवाखान्यापर्यंत यायचं म्हणजे घाटातून किती तास, ते गेलेल्याला विचारा.

डोहाळजेवणाच्या चार दिवस आधी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "दागिने तू कर. तुह्यासारखा हात कोणाचा नाई. पण ओटी भराले नोको येऊ बाई पुढं. लोकं बोलतात."

मी रागावले नाही. रागावायला अंगात काहीतरी लागतं. मी दोरा घेतला आणि कोमलच्या मनगटाचं माप घेतलं. गाठ मारली. दोन वर्षांनी मोगरा हातात घेतला आणि गुंफायला बसले.

कार्यक्रमाच्या सकाळी, बायका यायच्या आधी, मी कोमलला मागच्या खोलीत बोलावलं. दोरा परत तिच्या मनगटाला लावला. टोक बरोबर गाठीच्या जागी आलं. माझं समाधान झालं नाही. तिला खाटेवर बसवलं आणि साडी गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीवर अंगठा दाबला, पाच मोजले आणि उचलला.

खड्डा पडला नाही. कातडी लगेच वर आली, तरुण पोरीची यावी तशी.

मला आनंद व्हायला हवा होता. नर्सबाई, हे तुम्ही बैठकीत वाचणार की नाही, तुम्ही ठरवा. पण मी खरं लिहायचं कबूल केलं आहे. त्या क्षणी मला तो खड्डा हवा होता. कोमलचं वाईट व्हावं म्हणून नव्हे, असं मी स्वतःला सांगते. या घरात हे फक्त माझ्यावरच का, एवढंच मला विचारायचं होतं. मी दुसऱ्या पायावर अंगठा दाबला. जरा जास्तच जोरात.

"ताई, गुदगुल्या होऊन राहिल्या ना," कोमल हसत म्हणाली.

तिथेही काही नव्हतं.

मी साडी खाली केली. देवापुढून तिचं कार्ड काढलं, सगळ्या ओळी दोनदा वाचल्या आणि तिच्या बॅगेत साड्यांच्या वर ठेवलं. तिला म्हटलं, डोकं दुखलं तर ऊन लागलं म्हणू नकोस, कोणी म्हणालं तरी ऐकू नकोस, आधी बीपी मोज. ती "हाव ताई, हाव ताई" करत होती. तिचं लक्ष फुलांच्या दागिन्यांकडे होतं. धारणीला गेल्यावर ती मोजेल की नाही, मला सांगता येत नाही. बहुतेक नाहीच मोजणार. मीही मोजलं नव्हतं.

पुढच्या खोलीत गाणी सुरू झाली. मी दाराच्या फटीतून, चांगल्या डोळ्याने पाहत होते. शेजारच्या त्याच काकूंनी तिच्या मनगटात गजरा बांधला. दोन्ही टोकं पहिल्याच खेपेला जुळली.

कमी पडला तर हाताशी असाव्यात म्हणून मी सकाळी दोन कळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. कोणी मागायला आलं नाही. कार्यक्रम संपेपर्यंत त्या माझ्या मुठीतच होत्या, मूठ उघडली तेव्हा काळ्या पडलेल्या होत्या.